भरल्या पोटाची गोधडी

आमच्या घरात सुईत दोरा ओवायचं खातं माझ्याकडे आहे. हे काही माझ्या अंगच्या गुणांमुळे नाही. बायकोला जवळचं दिसत नाही आणि मला लांबचं, एवढंच. दोघांचे डोळे एकत्र केले तर एक धड माणूस तयार होतो. म्हणून नातीची गोधडी करायची ठरली, तेव्हा तिनं शिवायचं आणि मी ओवायचं अशी वाटणी झाली. मी राईस मिलमध्ये वजनकाट्यावर बसतो. धानाचं पोतं चढलं, उतरलं, चढलं, उतरलं, यात वर्षं गेली. नाजूक काम हातात येणार म्हणून मी जरा खूश होतो. तेही बोलून दाखवलं असेल, कारण बायको म्हणाली, "दोरा ओवून राह्यले, विमान नाई उडवून राह्यले."

मुलगी पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडे, मूल गावी आली होती. तिचं सासर गडचांदूरचं. जावई तिथल्या सिमेंट कारखान्यात. आता नात मान धरू लागली होती आणि विहीणबाई स्वतः येऊन दोघींना घेऊन जाणार होत्या. आमच्याकडे लेकरू आजोळाहून पहिल्यांदा निघतं ते गोधडीवर निघतं. गोधडी आईच्या आईनं करायची, पण कापड दोन्ही घरचं हवं आणि सगळं जुनं हवं. नवं कापड लेकराच्या अंगाला टोचतं आणि नजरेलाही टोचतं म्हणतात. त्यामुळे विहीणबाईंनी आधीच एक गाठोडं पाठवलं होतं. त्यात त्यांचं एक विटलेलं पातळ, व्याह्यांचं धोतर आणि जावयाच्या शाळेतल्या कपड्यांचे तुकडे होते. आमच्याकडून बायकोची दोन पातळं आणि माझा एक सदरा गेला. सदरा अजून दोन वर्षं चालला असता. पण कुणी विचारलं नाही.

गोधडीचा जीव मधल्या चौकात असतो. बायकोनं आधी तोच जोडायला घेतला. मध्ये विहीणबाईंच्या पातळाचा हातभर चौकोन, त्याच्या चारी बाजूंनी तिकोनी तुकडे, एक त्यांच्या घरचा, एक आमच्या घरचा, पुन्हा एक त्यांचा. तिकोनांची टोकं टोकांना भिडली पाहिजेत. जरा सरकली की चौक तोंड वाकडं करतो. माझ्या सदऱ्याचं टोक दोनदा सरकलं, दोन्ही वेळा बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी काय करणार? सदरा अंगात असतानाही माझं ऐकत नव्हता.

चौकाच्या पाठीमागं जुन्या पातळाच्या घड्या घालून ती थर लावत गेली आणि कडेकडून आत टाके घालत आली. तिच्या हातात एक सुई, माझ्याकडे दुसरी ओवून तयार. तिचा दोरा संपला की मी भरलेली सुई द्यायची, रिकामी घ्यायची. सुया पत्र्याच्या जुन्या डब्यातल्या. किती होत्या ते ना तिला ठाऊक, ना मला.

शेवटी चौकाच्या मध्यावर बोटभर जागा उघडी राहते. तिथून गोधडीचं पोट भरायचं. रिकाम्या पोटाची गोधडी लेकराला द्यायची नाही, तिच्यावर झोपणारं उपाशी राहतं म्हणतात. कुठं भाकरीचा तुकडा घालतात, कुठं तांदूळ. आमच्याकडे धानच. बायकोचं म्हणणं, तांदूळ मेलेला असतो, धान जिवंत असतं, पेरलं तर उगवतं. मग मी मिलमधून मुद्दाम निवडून धान आणलं. लांब कुसळाचं, सोन्यासारखं दिसणारं. मिलमध्ये बसून इतकी वर्षं धान पाहतो, तेव्हा आपल्या नातीच्या गोधडीत साधं धान कसं जाईल, असा माझा विचार. त्या कुसळानं पुढं आमचा जीव घेतला.

पोट भरलं, जागा शिवली आणि कडेनं लाल दोऱ्याची एक ओळ फिरवली. चौकावर हळदीकुंकवाची बोटं टेकवली. भरलेलं पोट मग उसवायचं नाही. तसं कुणी उसवलेलं माझ्या ऐकण्यात नव्हतं.

विहीणबाई आणि जावई दुपारी आले. जावयानं एका मित्राची गाडी आणली होती. जेवणं झाली. पौषातला दिवस, तीनच्या पुढं घसरायला लागतो. चंद्रपूरकडे जाणारा रस्ता जंगलातून जातो आणि त्या आठवड्यात दोनदा वाघानं रस्त्यात बसून वाहनं थांबवली होती. जावयानं येतानाच सांगितलं होतं, "मामा, उजेडातच जंगल पार करू. लहान लेकरू घेऊन अंधारात नाई थांबायचं."

मुलगी नातीला दूध पाजत होती. पिशव्या गाडीत गेल्या होत्या. बायको सुया डब्यात ठेवायला बसली आणि तिथूनच म्हणाली, "माही सुई हे. तुमची कुठी आहे?"

मी खिशाला हात लावला. मग सदऱ्याच्या बाहीला. मग कॉलरला, कारण काही लोक कॉलरला खोवतात. मी कधीच खोवत नाही, पण वेळ अशी आली की माणूस दुसऱ्याच्या सवयीही तपासून पाहतो.

"डब्यात असन," मी म्हणालो.

"डब्यात रिकाम्या सुया आहेत. तुमच्यापाशी ओवलेली होती. पांढऱ्या दोऱ्याची."

मुलीनं नातीला छातीवरून बाजूला घेतलं आणि गोधडीकडे पाहिलं. गोधडी खाटेवर पसरलेली होती. आतापर्यंत तिच्याकडे पाहून सगळे छान छान म्हणत होते.

विहीणबाई उठल्या. ठेंगण्या, कमी बोलणाऱ्या बाई. त्यांनी तळहात गोधडीवर ठेवला आणि चौकावरून हळूहळू दाबत नेला. मध्यावर आल्या आणि हात झटकन उचलला.

"टोचलं?" बायकोनं विचारलं.

"टोचलं."

बायकोनं हात फिरवला, तिलाही टोचलं. मी फिरवला, मला चार ठिकाणी टोचलं. जावयाला तर फार ठिकाणी टोचलं. एवढ्या सुया आमच्या घरात आहेत हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. मग माझ्या ध्यानात आलं आणि सांगावंच लागलं, "ते धान असन. कुसळाचं आहे."

"कुसळाचं काऊन घातलं?" विहीणबाईंनी विचारलं. आवाज साधा होता.

"दिसाले चांगलं असते," मी म्हणालो.

"आत कोणाले दिसते, भाऊ?"

मुलगी मध्येच म्हणाली, "मी तिले याच्यावर नाई निजवत." नातीला तिनं इतकं घट्ट धरलं की पोर कुरकुरली. जावई तिला समजवायला गेला, की आपण दुकानातून दुलई घेऊ, वाटेत राजुऱ्याला थांबू. विहीणबाईंनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं आणि तो मागं सरला. आजोळाहून पहिल्यांदा लेकरू दुकानातल्या दुलईवर नेणं म्हणजे आम्ही मेलो असं सांगण्यासारखं होतं. पण सुईवर नेणं त्याहून वाईट. हे दोन्ही एकाच वेळी सगळ्यांना कळत होतं.

तेवढ्यात मला मिलमधला चुंबक आठवला. धानासोबत खिळे येतात, तारेचे तुकडे येतात, एकदा तर कुणाच्या तरी बैलाची घंटा आली होती. ते सगळं मशीनमध्ये जाऊ नये म्हणून चुंबक बसवलेला असतो. जुना काढलेला एक कोठारात पडून होता. मी स्कूटर काढली. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर एक उपयोगी माणूस म्हणून बाहेर पडलो. पहिल्या किकला स्कूटर चालू झाली नाही, दुसऱ्याला नाही. तिसऱ्याला जावयानं मारली, तेव्हा झाली.

परत आलो तोवर ऊन भिंतीवरून वर चढलं होतं. चुंबक विटेएवढा. मी गोधडीवर तो कोपऱ्यापासून ओढायला लागलो. सगळे खाटेभोवती उभे, मुलगी दारात, नात तिच्या खांद्यावर. दोन हात गेलो असेन आणि कापड टच् करून वर उचललं गेलं. चौकाच्या शेजारच्या तुकड्याखाली काहीतरी होतं. कडक, बारीक.

बायकोनं ब्लेडनं टाके कापले. आत तुकडा दुमडलेला होता आणि दुमडीत गंजलेला हुक होता.

"चड्डीचा आहे," जावई म्हणाला. "माह्या शाळेतल्या."

विहीणबाई म्हणाल्या, "मीच पाठवली होती. हुकाचा पट्टा काढाचा राह्यला." त्यांचा चेहरा जरा उतरला. खरं सांगतो, मला त्या वेळी थोडं बरं वाटलं. दोष दोन्ही घरी समान वाटला गेला की व्याह्याला दम घेता येतो.

पण पांढऱ्या दोऱ्याची सुई अजून बाहेर नव्हती. मी चुंबक पुन्हा फिरवला, या वेळी सावकाश. पहिल्यांदा मी घाईत ओढला होता हे मला आता जाणवत होतं. चौकाच्या मध्यावर, हळदीकुंकवाच्या बोटांपाशी, कापड फुगून चुंबकाला चिकटलं. मी चुंबक सरकवला तर फुगवटाही सरकला.

"पोटात आहे," बायको म्हणाली आणि खाली बसली.

तेव्हा मला आठवलं. धान मी कागदाच्या पुडीत बांधून आणलं होतं. ओवलेली सुई हरवू नये म्हणून मी ती त्या पुडीला टोचून ठेवली होती. पोट भरायच्या वेळी बायको म्हणाली, 'ओता', आणि मी ओतलं. सुई नीट जपून, सगळ्यात सुरक्षित जागी.

मी हे सांगितलं. बायकोनं कपाळाला हात लावला.

"उसवा," मुलगी म्हणाली.

बायकोनं मान हलवली. "भरलं पोट कोणी उसवते काय?"

"मंग तिच्या पाठीत जाऊ देतं?"

"तसं नाई म्हणून राह्यली मी."

"मंग कसं म्हणून राह्यली? मले ब्लेड दे, मीच उसवतो."

बायकोनं ब्लेड मुठीत धरलं. तिचा अपशकुनावर विश्वास किती, ते मी इतक्या वर्षांत ओळखू शकलेलो नाही. पण त्या मुठीत ब्लेड होतं आणि ती मूठ आवळतच चालली होती, हे मला दिसत होतं. मी जवळ गेलो तर तिनं मला खांद्यानं सारलं. मुलगी रडायला लागली. नातही रडायला लागली. जावई बाहेर जाऊन गाडीशी उभा राहिला आणि तिथून आकाशाकडे पाहत राहिला.

विहीणबाई खाटेच्या कडेला बसल्या. त्यांनी आपला पदर सोडला, दोन्ही हातांनी ताणून झोळीसारखा केला आणि चौकाखाली धरला.

"बाई," त्या माझ्या बायकोला म्हणाल्या, "उसवा तुमी. मी धरतो. एक दाणा जमिनीवर नाई पडला, तर पोट रिकामं झालं असं कोण म्हनन? पोट इथून तिथी गेलं, एवढंच."

बायकोनं त्यांच्याकडे पाहिलं. मग मध्यावरचे टाके कापले आणि गोधडी पदरावर उलटी केली. धान पदरात पडू लागलं. दाणे जाड कापडातून अडकत, थांबत पडत होते. बायको बोटानं ढकलत होती आणि प्रत्येक वेळी तिचं बोट आत गेलं की माझे दात आवळले जात होते. मग दाण्यांसोबत सुई आली. पांढरा दोरा तिच्या मागं लोंबत होता. ती पदरावर आडवी पडली तेव्हा विहीणबाई जराही हलल्या नाहीत. मी ती चिमटीत उचलली.

जावई आत आला. "चला मंग," तो म्हणाला. बायको उघडं तोंड शिवायला सुई शोधायला लागली आणि मी हातातली सुई तिच्यापुढं धरली. तेव्हा एकदम हसू आलं सगळ्यांना.

विहीणबाई हसल्या नाहीत. पदर तसाच धरून त्या गोधडीची कड पाहत होत्या.

"लाल दोरा कोणत्या सुईनं घातला?" त्यांनी विचारलं.

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. "तुमीच ओवून देल्ला. हातातली ओवली होती का दुसरी काढली होती?"

मी आठवून पाहिलं. लाल दोऱ्याचं रीळ आठवलं. दोऱ्याचं टोक ओठात धरलं ते आठवलं. सुई मात्र आठवेना. तिच्या हातातली रिकामी सुई घेतली असेल. डब्यातून नवी घेतली असेल, आणि मग तीही गोधडीतच राहिली असेल. दोन्ही गोष्टी मी हजार वेळा केल्यासारख्या डोळ्यांसमोर येत होत्या. घरात कुणाच्या लग्नात कोण रुसलं, कुणाच्या बारशाला कोणती भाजी खारट झाली, हे मी तासन्‌तास सांगतो. सगळे नातेवाईक म्हणतात, याला सगळं आठवतं. आणि एका सुईचं मला सांगता येईना.

"बाबा," मुलगी म्हणाली. "नक्की सांगा."

हातातलीच म्हणालो असतो तर पाच मिनिटांत गाडी निघाली असती. ऊन तर छपराच्या कवेलूंपर्यंत गेलं होतं. जावयानं गाडीची किल्ली बोटात फिरवायला सुरुवात केली होती.

"मले नाई सांगता येत," मी म्हणालो.

विहीणबाईंनी पदराच्या टोकाला धानाची गाठ मारली. "मंग त्या चुंबकावर नाई भागत. गोधडी अशीच नेतो," त्या म्हणाल्या. "घरी पूर्ण उसवतो, तुकडा न् तुकडा पाहतो, मंगच जोडतो. तुमाले वाईट तं नाई वाटत, बाई?"

बायकोला वाटलं असणार. इतके दिवस टोकाला टोक भिडवून केलेला चौक होता तो. ती एवढंच म्हणाली, "तिकोनं उसवतांनी ताणू नका. टोकं लांबतात."

गोधडी गुंडाळून डिक्कीत ठेवली. नातीला बायकोच्या एका जुन्या पातळात गुंडाळलं, मुलगी मागं बसली आणि तिनं लेकराला मांडीवर घेतलं. गडचांदूर येईपर्यंत खाली ठेवणार नाही, असं तिनं बसतानाच सांगून टाकलं. गाडी वळली. कुणीतरी हात हलवला, कोण ते मला दिसलं नाही. लांबचं मला दिसत नाही.

बायको आत जाऊन भांडी घासायला लागली. गरजेपेक्षा जास्त आवाज करत. मी चुंबक घेतला आणि खाट उलटी केली. खाटेखाली चुंबकाला एक खिळा आणि एक पिन लागली. कपाटाखाली काही नाही. डब्याभोवती काही नाही. मग तिच्या बसायच्या सतरंजीवर चुंबक ठेवला. त्याच सतरंजीवर नात सकाळी तेल लावून घेत होती, हे आठवलं. चुंबक पुढं ओढला. मध्ये काही नाही. काठाशी आलो आणि सतरंजीचा काठ हळूच उठला.

विणीत शिरलेली होती. डोळे जवळ नेले तेव्हा दिसली. नाकात दोऱ्याचं बोटभर टोक, लाल.

मी हाक मारली. बायको ओल्या हातानं आली, सुई घेतली, दोरा बोटावर गुंडाळून पाहिला. तिनं डबा उलटा केला, रीळं पाहिली, मघाची पांढऱ्या दोऱ्याची सुई शेजारी ठेवली.

"दोनच रंग होते," ती म्हणाली. "दोन्ही मिळाल्या. लावा फोन."

अंधार पडला होता. फोन लागेना. जंगलात लागत नाही, हे ठाऊक असूनही मी लावत राहिलो आणि बायको प्रत्येक वेळी विचारत राहिली, "काय म्हणते?" फोन काहीच म्हणत नव्हता. बऱ्याच वेळानं वाजला. मुलगी होती. पोचले होते. वाघ नाही, फक्त दगड भरलेले ट्रक.

"सापडली," मी म्हणालो. "लाल दोऱ्याची. सतरंजीत होती. गोधडीत आता काई नाई. ठेव तिले खाली."

पलीकडे तिनं कुणाला तरी सांगितलेलं ऐकू आलं, बाबा म्हणतात सापडली.

"ठेवली काय?" मी विचारलं.

"माह्यापाशी नाईच ती," मुलगी म्हणाली. "आल्यापासून सासूबाईनं घेतली आहे. मी सांगितलं त्याह्यले. तं म्हणतात, तुह्या बाबांनी सुई पाहिली असन, मी नाई पाहिली. सकाळी उजेडात गोधडी पाहीन, मंग ठेवीन."